मदत हवी आहे : रक्त चढवूनही आईचे हिमोग्लोबिन टिकत नाही

वैनगंगाकाठ : आईचे हिमोग्लोबिन ५.२ आहे, डोळे पिवळे आहेत आणि रक्त चढवले तरी ते पुन्हा उतरते. तालुक्याच्या डॉक्टरांनी ‘शरीरच स्वतःचे रक्त मोडते आहे’ असे सांगून स्टेरॉइड लिहून दिले व नागपूरला जाण्यास सांगितले. धान कापणीला आले आहे. गोळ्या घेऊन इथेच थांबलो तर चालेल का, एवढेच लवकर सांगावे.

निवृत्त लॅबवाला : वय काय, इतर आजार कोणते, रक्त केव्हा चढवले आणि डायरेक्ट कूम्ब्स चाचणी (तांबड्या पेशींना प्रतिपिंडे चिकटली आहेत का ते पाहणारी) झाली का, यांपैकी काहीच लिहिलेले नाही.

संत्राबाग : बीट, गूळ आणि लोहाच्या गोळ्या द्याव्यात. आमच्या वहिनींना त्यानेच गुण आला.

निवृत्त लॅबवाला : वहिनींना लोहाची कमतरता असेल. इथे प्रतिपिंडे, म्हणजे एरवी जंतूंशी लढणारी शरीराची प्रथिने, चिकटलेल्या तांबड्या पेशी प्लीहेत (पोटातल्या पाणथरीत) मोडल्या जातात. त्यांतले लोह शरीरातच राहते. नव्या पेशी घडवताना फॉलिक आम्ल मात्र जास्त लागते.

मोहफूल : आपल्या भागात डोळे पिवळे म्हणजे सिकलसेल, तो तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार. आधी ती तपासणी करावी.

निवृत्त लॅबवाला : करावीच, परंतु नुकतेच रक्त चढवले असेल तर त्यात दात्याच्या पेशी मिसळलेल्या असतात आणि अहवाल फसवू शकतो.

वैनगंगाकाठ : वय ५८. सिकलसेल पूर्वीच निगेटिव्ह आले होते. रक्त मागच्या आठवड्यात चढवले. त्याआधीच्या कागदावर ‘कूम्ब्स ३+, आयजीजी’ असे असून एलडीएच वाढलेले आहे. साखरेच्या गोळ्या जुन्याच चालू आहेत.

वर्धेकर : साखरेचा आजार हीच महत्त्वाची गोष्ट होती. आयजीजी हा प्रतिपिंडांचा प्रकार आहे आणि एलडीएच पेशी मोडल्या की वाढते. आयजीजीवरून हा या आजाराचा ‘उष्ण’ प्रकार दिसतो, म्हणजे प्रतिपिंडे शरीराच्या तापमानालाच काम करतात. यात प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड साधारणतः दर किलो वजनामागे रोज १ मिलिग्रॅम देतात, गुण दिसायला एक ते तीन आठवडे लागू शकतात आणि पुढे काही महिन्यांत मात्रा हळूहळू उतरवतात. त्या काळात साखर भडकते, म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या मनाने सुरूही करू नयेत आणि एकदम बंदही करू नयेत. ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार) किंवा लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कर्करोग) मुळाशी आहे का, हेही नागपूरलाच तपासले जाईल. ५.२ वर कापणीसाठी थांबू नये. धाप, छातीत दुखणे किंवा गुंगी असेल तर आत्ताच १०८ ला फोन करावा.

संत्राबाग : नागपुरात नेले की प्लीहाच काढतात. त्यापेक्षा घरच्या माणसाचे रक्त द्यावे, ते मोडणार नाही.

निवृत्त लॅबवाला : तेही मोडेल, कारण ही प्रतिपिंडे बहुधा सर्वांच्याच पेशींवर असलेल्या घटकांवर चालून जातात. क्रॉसमॅच (दात्याचे आणि रुग्णाचे रक्त जुळते का ही तपासणी) जुळत नाही म्हणून जीव धोक्यात असताना रक्त नाकारायचेही नसते. रक्तपेढी त्यातल्या त्यात योग्य पिशवी शोधते. प्लीहेचा विचार बहुधा स्टेरॉइड आणि रिटुक्सिमॅब (प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी कमी करणारे इंजेक्शन) यांच्यानंतर होतो.

वैनगंगाकाठ : चालताना धाप लागते आहे. १०८ ला फोन केला आहे. सोबत कोणते कागद घ्यावेत?

वर्धेकर : कूम्ब्सचा अहवाल, चढवलेल्या रक्ताच्या सर्व नोंदी आणि औषधांची चिठ्ठी. साखरेच्या गोळ्यांची पाकिटेही घ्यावीत.