बन्नीतल्या गावात रात्री मुक्काम करावा का? (कच्छ, आईसोबत)

सायली_नाशिक:
जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आई आणि मी कच्छला निघालोय. बांद्र्याहून कच्छ एक्सप्रेसची तिकिटं झालीत. सफेद रण बघूच, पण आईची टूम वेगळी आहे. "ते तंबूबिंबू नकोत, मला मातीच्या घरात झोपायचंय." भुजचा टॅक्सीवाला म्हणतो, सकाळी दहाला निघू, वाटेत दोन गावं 'करू', सूर्यास्ताला रण आणि रात्री भुजला परत. तेवढ्यावर भागेल की बन्नीत, म्हणजे भुजच्या उत्तरेकडच्या गवताळ पट्ट्यात, होडको, लुडिया भागात राहावं? आई सत्तरीची आहे, गुडघे कुरकुरतात. शिवाय लोकांच्या घरात डोकावायला जायचं म्हणजे मलाच अवघडल्यासारखं होतं.

खारी_भाकर:
अगं, आईचं ऐक. नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही बरीच वर्षं भुजला होतो आणि पाहुणे आले की बन्नीची फेरी ठरलेली, तीही माझ्याच गळ्यात.

टॅक्सीवाल्याच्या वेळेत तुला गाव नाही, दुकान दिसेल. भर दुपारी गाडी थांबली की अंगणात चादर पसरलेली, त्यावर तोरणं, बटवे, उशांचे अभ्रे. त्यात गैर काही नाही, त्यांचं पोट आहे त्यावर. पण बन्नी हा म्हशींचा मुलूख, आणि इथल्या म्हशी रात्री चरतात! संध्याकाळी धार काढून झाली की कळप गवताकडे चालू लागतो, बहुतेकदा राखणीला कुणी नसतं. रात्रभर कोसच्या कोस चरून पहाटे ज्याची त्याच्या दारात हजर. म्हणून गाव जागं असतं ते दिवेलागणीला आणि तांबडं फुटताना. आणि तुझी टॅक्सी दिवेलागणीला रणात, पहाटे भुजमध्ये.

पहाटे उठून आईला खाटेवर बसव, शाल गुंडाळून. आधी धूळ दिसते, मग शिंगं. बन्नीच्या म्हशीची शिंगं दुहेरी पिळाची असतात, डोक्यालगत गुंडाळून ठेवल्यासारखी. सरकारदरबारी या जातीची नोंद झाली 2010 मध्ये, मालधारी, म्हणजे इथले पशुपालक, ती पिढ्यान्‌पिढ्या पाळतायत. त्या दुधाचा मावा भिरंडियाराला मिळतो. भट्टीवरून उतरलेला गरमच घ्या, डब्यात भरून नाशिकपर्यंत आणायचा हट्ट नको.

मातीच्या घराला भुंगा म्हणतात. गोल, जाड भिंती, वर गवताची शंकूसारखी टोपी. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपात भुजमध्ये चांगली सिमेंटची घरं बसली, पण बरेचसे भुंगे उभे राहिले. गोल भिंतीला कोपराच नाही, हादरा सगळीकडे वाटला जातो, आणि छप्पर हलकं. आत लिंपणकाम बघा. मातीची बारीक नक्षी, तिच्यात बोटाच्या पेराएवढे आरसे. रात्री एक कंदील लावला तरी भिंत लुकलुकते.

डोकावण्याबद्दल म्हणशील तर होडकोत गावानेच चालवलेली राहायची सोय आहे, तिथे तू रीतसर पाहुणी. बाकी साधं आहे: बायकांचे फोटो विचारल्याशिवाय नाही, आणि 'नाही' म्हणाल्या तर दुसऱ्यांदा विचारायचं नाही. आत बोलावलं तर चपला बाहेर. चहा आला की नको म्हणू नकोस, निम्मा पी हवं तर. तिथे हलेपोत्रा, मुतवा ही मुस्लिम पशुपालक मंडळी आहेत आणि मेघवाळांची वस्ती आहे. घरात कच्छी चालते, पण हिंदीत तुझं अडणार नाही.

आणि वाटेत जे हिरवं रान दिसेल ना, त्यावर भाळू नकोस. तो गांडो बावळ, म्हणजे वेडी बाभूळ. खारं रण पुढे सरकू नये म्हणून 1960 च्या दशकात लावला आणि त्याने गवताचाच घास घेतला. कुठल्याही मालधाऱ्याकडे विषय काढ, तासाची निश्चिंती.

म्हातारा_वाटसरू:
वरचं पटतं, पण दिवस बघून जा. रणोत्सवाच्या काळात, त्यातून शनिवार-रविवार किंवा पौर्णिमा असेल तर सफेद रणाजवळच्या धोरडो गावाच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. धोरडोला 2023 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने उत्तम पर्यटन गावांच्या यादीत घेतलं, तेव्हा नाव सगळ्यांना ठाऊक आहे. मंगळवार-बुधवार गाठा. रणात जायला परवाना लागतो, दोघींची ओळखपत्रं आणि झेरॉक्स हाताशी ठेवा. आणखी एक. आता नळ आलेत, तरी 'विरडा' दाखवा म्हणा. सखल जागी मालधारी उथळ खड्डे खणत. पावसाचं गोडं पाणी जमिनीत मुरून खाऱ्या पाण्यावर तरंगतं, तेवढंच वरच्यावर काढून घ्यायचं. मला विचाराल तर सफेद रणापेक्षा ते बघण्यासारखं आहे.

उलट_टाका:
भरतकाम घेणार असाल तर आधी कापड उलटं करा. यंत्राच्या कामात मागून खालचा दोरा सगळीकडे एकसारखा पळतो. हाताच्या कामात गाठी दिसतात, दोरा कुठे संपला, कुठे नवा घेतला ते कळतं. 'सूफ' नावाच्या भरतकामाची तर गंमतच. ते भरतात कापडाच्या मागच्या बाजूने, नक्षी न आखता, नुसते धागे मोजून. मुतवांच्या कामातले आरसे इतके बारीक की आईंना चष्मा लावावा लागेल. घासाघीस जपून करा हो. एका चोळीच्या तुकड्यामागे बाईचे महिने गेलेले असतात आणि आपण दोनशे रुपयांवरून हटून बसतो.

सायली_नाशिक:
आईला सगळं वाचून दाखवलं. म्हशींचं ऐकून ती आताच बॅग भरायला बसली आहे! टॅक्सीवाल्याला एकच दिशा सांगितली, परतीचं दुसऱ्या दिवशी बघू. फक्त एक शंका, कमोडचं काय? आणि आईला तिखट चालत नाही.

खारी_भाकर:
राहायच्या भुंग्याला बहुतेक ठिकाणी लागूनच संडास-बाथरूम असतं, पण कमोड आहे ना हे आरक्षण करतानाच फोनवर स्पष्ट विचार, आणि खाट उंच आहे का तेही. गुडघ्यांना तेच जास्त नडतं. जेवण आईला सोसेल. बाजरीचा रोटलो, पांढरं लोणी, गूळ, खिचडी-कढी, ताक. रात्री थंडी चावते, कानटोपी घ्या. रोख पैसे आणि गुडघ्याचं मलम भुजमध्येच घेऊन ठेव.