१०० लिटरच्या खाऱ्या टँकला स्किमर किती मोठा घ्यावा?

निळी_गोबी
टँक ६० × ४० × ४० सेंमी, काच ६ मिमी, पाणी ३६ सेंमीपर्यंत. खाली ४५ × ३० सेंमीचा संप (गाळणीची टाकी), त्यात २० सेंमी पाणी. वाळूचा थर ३ सेंमी, रॉक ८ किलो. क्लाऊनफिशची जोडी आणि एक गोबी, सध्या सगळी मऊ कोरल, पुढे दोन-तीन एलपीएस (मोठ्या पॉलिपची कठीण कोरल). दिवसातून एकदा फ्रोझन खाद्य, आठवड्याला १० टक्के पाणी बदल.

स्किमरच्या (फेस करून पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राच्या) खोक्यांवर '१५० लिटरपर्यंत', '३०० लिटरपर्यंत' आणि '५०० लिटरपर्यंत' असे आकडे आहेत. टँकच्या दुप्पट क्षमतेचा घ्या, असं सगळे सांगतात. तसं असेल तर सरळ ५०० चाच का नको? मोठा घेतल्याने नेमकं बिघडतं काय?

फेसाळ
आधी खरं पाणी मोजा. आतल्या मापाने ५८.८ × ३८.८ × ३६, म्हणजे ८२ लिटर. वाळूचे कण साधारण ४ लिटर जागा खातात, रॉक ३ ते ४. उरले ७५. संपात २५ धरा. एकूण १०० लिटर पाणी आणि तीन लहान मासे, एवढाच स्किमरपुढचा भार आहे.

आता ५०० वाल्याचं काय होतं ते. माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाद्यातून आणि कोरलच्या चिकट स्रावातून पाण्यात जे सेंद्रिय रेणू येतात, त्यांतल्या बऱ्याच रेणूंचं एक टोक पाण्याला धरून असतं आणि दुसरं पाणी टाळतं. असे रेणू बुडबुड्याच्या पृष्ठभागाला चिकटतात. बुडबुडे वर येऊन स्किमरच्या गळ्यात, म्हणजे वरच्या नळीत, एकमेकांवर रचले जातात, मधलं पाणी खाली निथळतं आणि दाट झालेला फेस वर सरकत माथ्यावरच्या कपात पडतो. पण फेस उभा राहायचा तर गळ्याच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरला हा माल पुरेसा मिळायला हवा. ५ सेंमी व्यासाच्या गळ्याचं क्षेत्रफळ २० चौ.सेंमी भरतं, ७.५ सेंमीच्या गळ्याचं ४४, १० सेंमीच्या गळ्याचं ७८. मासे तेवढेच, माल तेवढाच, पसरायचा मात्र दुप्पट-चौपट जागेत. मग फेस अर्ध्या गळ्यापर्यंत चढतो, फुटतो आणि खाली बसतो. एका रात्री थोडं काहीतरी कपात येतं, पुढचे दोन दिवस कप कोरडा.

खरी गडबड इथून पुढे होते. कप रिकामा दिसला की माणूस स्किमरमधून पाणी बाहेर सोडणारी झडप आवळून स्किमरमधली पातळी वर घेतो. मग कपात येतं ते पातळ, फिक्या चहासारखं पाणी, म्हणजे जवळपास टँकचंच खारं पाणी. रोज ३०० मिली गेलं तर ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) हिशेबाने रोज साडेदहा ग्रॅम मीठ बाहेर पडतं, आणि एटीओ (घटलेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) त्या जागी गोडं पाणी भरतो. १०० लिटरमध्ये आठवड्याला जवळजवळ पाऊण पीपीटी उतरली. मोठ्या टँकमध्ये हे ध्यानातही येणार नाही, तुमच्याकडे कोरल मिटून सांगतील.

'दुप्पट घ्या' हा नियम खोक्यावरचे आकडे फुगवलेले असतात म्हणून आला. पाचपट घ्या असा त्याचा अर्थ नाही. माझं मत १५० वाल्याला.

संपातला_माणूस
गळ्याचं बरोबर आहे, पण १५० वर शिक्का मारण्याआधी खोक्याची दुसरी बाजू वाचा. लिटरचा आकडा कुठल्या भारावर काढला हे बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं, आणि लिहिलेलं असलं तर तो 'कमी भार' असतो. त्यापेक्षा तासाला स्किमर किती लिटर हवा ओढतो, गळ्याचा व्यास किती आणि त्याला पाण्याची पातळी किती लागते, हे तीन आकडे बघा. १०० लिटरच्या मध्यम भाराच्या टँकला तासाला १०० ते २०० लिटर हवा आणि ५ ते ६ सेंमी गळा पुरतो. या मापात बसणारा स्किमर एका कंपनीच्या खोक्यावर '१५०' असतो, दुसरीच्या खोक्यावर '३००'. एलपीएस आल्यावर खाद्य वाढणार आहे, त्यामुळे मी १५० ते २०० लिटर हवेकडे झुकेन. पंप डीसी आणि वेग कमी-जास्त करता येणारा असेल तर उत्तम, आज हळू चालवता येईल.

मोठा स्किमर पाणी जास्त स्वच्छ करतो, ही समजूतही सोडावी लागेल. पेन स्टेट विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक केन फेल्डमन यांनी २००९ मध्ये स्किमरची मोजमापं प्रसिद्ध केली. पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनपैकी २० ते ३० टक्क्यांच्या आसपासच स्किमर काढू शकला, बाकीचे रेणू बुडबुड्याला चिकटतच नाहीत. त्यांच्यासाठी अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन आणि पाणी बदल आहेतच. नायट्रेट आणि फॉस्फेट तर स्किमर थेट काढत नाही. ते ज्यातून बनणार तो माल सडण्याआधी बाहेर काढतो, एवढंच त्याचं काम.

बॅफल
आकार ठरला तरी संपात बसेल का ते टेप लावून बघा. पंप स्किमरच्या बाहेर असेल तर तळाच्या मापात तोही धरा. उंचीत कप वर उचलायला ६ ते ८ सेंमी मोकळी जागा लागते. ती नसली तर कप धुवायला दरवेळी अख्खा स्किमर बाहेर काढावा लागतो, आणि मग तो धुतलाच जात नाही.

तुमची २० सेंमी पातळी बहुतेक लहान स्किमरना चालेल, पण ती स्थिर आहे का? बाष्पीभवनाने पातळी संपाच्या शेवटच्या, परतीच्या पंपाच्या कप्प्यात उतरते. स्किमर तिथे ठेवला तर सकाळी फेस कपात आणि संध्याकाळी गळ्याच्या तळाशी. तो बॅफलच्या (कप्पे पाडणाऱ्या काचेच्या) अलीकडच्या कप्प्यात हवा, जिथे काचेची कड पातळी धरून ठेवते. एखाद्या मॉडेलला १६ सेंमीच लागत असेल तर खाली ४ सेंमी उंचीची प्लॅस्टिकची जाळी ठेवा, वरची झडप उघडून ते जमवू नका.

निळी_गोबी
हवा तासाला १८० लिटर आणि गळा ५.५ सेंमी असा एक डीसी पंपवाला सापडला, खोक्यावर ३०० लिहिलंय. पातळी १६ ते २० सेंमी. दोन प्रश्न. १० टक्के पाणी बदल चालू असताना स्किमर लागतोच का? आणि नवा स्किमर पहिल्या दिवशी कप भरून वाहतो म्हणतात, ते का?

संपातला_माणूस
तीन माशांना नियमित पाणी बदलावर स्किमरशिवायही ठेवता येतं. पण तो तासाला १८० लिटर हवा पाण्यात मिसळतो, त्याने ऑक्सिजन वर राहतो आणि रात्री पीएच कमी घसरतो. पुढे नायट्रेट कमी करायला जीवाणूंचं खाद्य म्हणून व्होडका किंवा व्हिनेगर द्यायचं मनात असेल तर मात्र स्किमर हवाच. वाढलेले जीवाणू ऑक्सिजन खातात आणि त्यांना बाहेर काढणारं काही लागतं.

फेसाळ
पहिल्या दिवसाचं कारण बहुधा कारखान्यातून भागांवर राहून आलेला थर. बसवण्याआधी कोमट पाण्यात थोडं व्हिनेगर घालून सगळे भाग धुवा आणि खळखळून काढा. पहिले तीन-चार दिवस झडप पूर्ण उघडी ठेवा, पातळी गळ्याच्या खालीच राहू द्या. नीट लागायला एक-दोन आठवडे जातात, तोवर रोज झडपेशी खेळू नका. एका वेळी थोडीच फिरवा आणि एक दिवस थांबा.

नंतर अचानक उतू जायला लागला तर आधी आठवा, पाण्यात काय गेलं: क्लोरीन काढणारं द्रव्य, औषध, रॉक चिकटवायची इपॉक्सी, हाताचं क्रीम. उलट, तेलकट फ्रोझन खाद्य दिल्यावर फेस काही तास बसतो. ते आपोआप सावरतं, झडप तशीच ठेवा.

गळ्याच्या आतला तपकिरी चिकट थर दर दोन-तीन दिवसांनी पुसा. तो साचला की फेस वर सरकतच नाही. हवेच्या नळीच्या तोंडाशी मीठ जमतं, महिन्यातून एकदा त्यातून कपभर कोमट पाणी ओढू द्या. दर तीन महिन्यांनी पंप सोडवून व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून दोन-तीन तास भिजवा. पंपातल्या, हवेचे बुडबुडे करणाऱ्या सुयांच्या चाकावर चुना बसला की हवा १८० वरून निम्म्यावर येते, आणि आपण दोष देतो स्किमरच्या मापाला.