बांगला 'स्वैराचार' आणि आपला स्वैराचार एकच का?

अर्धीभाकरी: एक शंका आहे. २०२४ च्या जुलैत ढाक्यातल्या पोरापोरींनी दिलेली एक घोषणा आमच्या कॉलेजच्या भित्तिपत्रकात मराठीत टाकायचीय. देवनागरीत अशी – 'तुमि के आमि के, राजाकार राजाकार! के बोलेछे के बोलेछे, स्वैराचार स्वैराचार!' मी केलं, तू कोण मी कोण रझाकार, कोण म्हणालं, बेशिस्त लोक म्हणाले. कारण स्वैराचार म्हणजे आपल्याकडे तेच ना, 'स्वातंत्र्य म्हणजे स्वैराचार नव्हे' हे दर गॅदरिंगला प्राचार्य ऐकवतात. पण मग पोरं स्वतःलाच रझाकार का म्हणवतील आणि बेशिस्त नक्की कोण, काही टोटलच लागेना.

माछभात: थांब, छापू नकोस :) मी सहा वर्षं कोलकात्यात काढलीत, तिथे या शब्दाने मीपण आपटलोय. शब्द संस्कृतच, स्वैर म्हणजे आपल्या मर्जीने चालणारा. पण मर्जी कुणाची, तिथे दोन भाषा फुटल्या. मराठीत स्वैराचार पोरं करतात, बायका करतात, थोडक्यात ज्यांना कुणीतरी आवरायला हवं असं लोकांना वाटतं ते करतात. बांगलात (उच्चार शोइराचार) तो सत्तेवर बसलेला माणूस करतो. एकाधिकारशाही, जुलमी राजवट, आणि बोलताना सरळ त्या हुकूमशहालाच 'स्वैराचार' म्हणतात. १९८७ च्या नोव्हेंबरात ढाक्यात नूर हुसेन नावाचा पंचविशीच्या आसपासचा तरुण छातीवर 'स्वैराचार निपात जाक' आणि पाठीवर 'गणतंत्र मुक्ति पाक' रंगवून इर्शादच्या लष्करी राजवटीविरुद्ध मोर्चात गेला आणि गोळीने मेला. ते 'स्वैरवर्तन बंद करा' असं वाचलं तर केवढा अनर्थ बघ. आणि गणतंत्रही जपून, तिथे त्याचा अर्थ लोकशाही, २६ जानेवारीवालं प्रजासत्ताक नव्हे.

अर्धीभाकरी: बापरे. म्हणजे मी आंदोलकांची शिवी उलटी त्यांच्याच तोंडावर मारत होतो. पण रझाकारचं काय?

मांजराकाठ: त्याचं मी सांगतो, आमच्या लातूरकडे हा शब्द हसण्यावारी नेत नाहीत. आजी अजून 'रझाकारात गाव सोडलं' असं म्हणते, म्हणजे आमच्याकडे ते काळाचंच नाव झालंय, दुष्काळात, प्लेगात तसं रझाकारात. रझाकार म्हणजे निजामाच्या बाजूने लोकांना छळणाऱ्या सशस्त्र टोळ्या, त्यांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरलाच वकिली करायचा. १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम शरण आला तेव्हा ते प्रकरण संपलं. गंमत अशी की मूळ शब्द साधा आहे, उर्दूत रझाकार म्हणजे स्वयंसेवक, आपल्या राजीखुशीने काम करणारा. आपण ऑफिसात टाकतो ती रजा याच रझातली.

माछभात: आणि पूर्व पाकिस्तानात १९७१ ला पाकिस्तानी लष्कराने स्वातंत्र्यलढा चिरडायला याच नावाची पथकं उभी केली, त्यामुळे बांगलादेशात रझाकार म्हणजे देशद्रोही, याहून घाण शिवी नाही. आता घोषणेकडे ये. सरकारी नोकऱ्यांत मुक्तियोद्ध्यांच्या, म्हणजे १९७१ ला स्वातंत्र्यासाठी लढलेल्यांच्या, मुलानातवंडांना ३० टक्के कोटा होता, हायकोर्टाने तो जूनमध्ये परत आणला म्हणून पोरं रस्त्यावर होती. १४ जुलैला तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना बोलल्या की मुक्तियोद्ध्यांच्या नातवंडांना नाही द्यायचं तर काय रझाकारांच्या नातवंडांना द्यायचं? त्याच रात्री ढाका युनिव्हर्सिटीत पोरं आणि हॉस्टेलच्या मुलीसुद्धा बाहेर पडल्या. 'तुमि के आमि के, बांगाली बांगाली' ही मुक्तियुद्धाच्या काळातली घोषणा सगळ्यांना पाठ, तिच्यातच शब्द बदलून टोमणा मारला. सरकारवाल्यांनी पहिलीच ओळ धरून बोंब मारली की बघा स्वतःच कबूल करतायत. दुसरी एक घोषणा पण होती, 'चाइते गेलाम अधिकार, होये गेलाम राजाकार', हक्क मागायला गेलो नि रझाकार ठरलो. ही भाषांतराला सोपी आहे, तीच घे की.

मांजराकाठ: उपरोध कळतो हो, पण १९७१ मध्ये घरची माणसं गेलेल्यांना तो शब्द ऐकून कसं वाटलं असेल? आमच्या आजीसमोर मी गमतीतसुद्धा स्वतःला रझाकार म्हणू शकणार नाही.

माछभात: मान्य, तिथेही बऱ्याच लोकांना ते खटकलंच. पण दोन दिवसांनी रंगपूरला अबू सईद हा आंदोलक विद्यार्थी हात पसरून पोलिसांसमोर उभा राहिला आणि गोळ्या खाऊन मेला, त्यानंतर कुणाच्या घोषणेत कुठला शब्द चुकला यावर वाद घालायला फारसं कोण उरलं नाही. ५ ऑगस्टला हसीना देश सोडून गेल्या. तोवर पोरं जुलै संपवायलाच तयार नव्हती, ३१ नंतर ३२, ३३ मोजत गेली, म्हणून ती तारीख '३६ जुलै'.

शुद्धलेखनकाकू: जाता जाता अजून एक खड्डा दाखवते. त्या पोरांच्या संघटनेचं नाव 'वैषम्यविरोधी छात्र आंदोलन'. मराठीत वैषम्य म्हणजे मनातली खंत, जळफळाट, 'मला त्याचं वैषम्य वाटलं' असं आपण म्हणतो. एका ठिकाणी मी ते जसंच्या तसं छापलेलं पाहिलं, जणू पोरं कुणी मनाला लावून घेऊ नये म्हणून आंदोलन करत होती!! तिथे अर्थ भेदभाव, विषमता. 'भेदभावविरोधी विद्यार्थी आंदोलन' लिहावे.

अर्धीभाकरी: सगळ्यांना थँक्यू. मग आता असं – 'तू कोण मी कोण, रझाकार रझाकार! कोण म्हणालं कोण म्हणालं, हुकूमशहा हुकूमशहा!' अर्थ बसला पण ठेका गेला.

मांजराकाठ: 'जुलमी सरकार, जुलमी सरकार' करा. यमकपण जुळतं. आणि खाली दोन ओळींत रझाकार का म्हटलंय ते लिहा, नाहीतर आमच्याकडचं कुणीतरी भित्तिपत्रक फाडेल.