पदवीला असताना आंतरराष्ट्रीय विषयांतलं संशोधन, इंटर्नशिप: पैसे कसे उभे केलेत? अनुभव लिहा

माझी मुलगी अमेरिकेत राज्यशास्त्र शिकते. तिच्याबरोबरची संगणक शाखेची मुलं उन्हाळ्यात भरपूर पगारावर काम करतात. परराष्ट्र धोरण, मानवी हक्क, निर्वासितांचे प्रश्न यांकडे वळलेल्या मुलांची पहिली इंटर्नशिप मात्र बहुतेकदा बिनपगारी असते. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयात आजही इंटर्नला मानधन मिळत नाही. प्रवास, व्हिसा, राहणं सगळं स्वतःच्या खिशातून. २०१५ मध्ये डेव्हिड हाइड नावाचा न्यूझीलंडचा तरुण जिनिव्हात तंबूत राहून संयुक्त राष्ट्रांत इंटर्नशिप करत होता, ती बातमी जगभर गाजली होती. ज्याच्या घरी पैसा आहे त्यालाच हा अनुभव मिळावा, हे मला फार खटकतं. त्यामुळे विद्यापीठं पदवीच्या मुलांना देतात त्या अनुदानांची माहिती आपल्या लोकांपर्यंत पोचायलाच हवी. डार्टमथचं डिकी सेंटर, हार्वर्डचं वेदरहेड सेंटर, शिकागो विद्यापीठाचं पोझेन सेंटर ही ठळक नावं, पण लहान विद्यापीठांतही असे निधी असतात. ते कधी विभागाकडे, कधी करिअर ऑफिसकडे, कधी एखाद्या अभ्यास केंद्राकडे, असे विखुरलेले असतात. तुम्ही किंवा तुमच्या मुलांनी काय केलं ते लिहा. भारतातले अनुभवही हवेत.

वॉशिंग्टनहून, आता नोकरीत

ताई, चांगला धागा. मी दुसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात अथेन्सला निर्वासितांना कायदेशीर मदत करणाऱ्या एका छोट्या संस्थेत होतो. खर्च विद्यापीठाच्या अनुदानातून झाला. अर्जात सगळ्यात जास्त वेळ अंदाजपत्रकाला दिला. खोलीचं भाडं, बसचा पास, आरोग्य विमा, विमानाचं तिकीट, प्रत्येकाचा आकडा कुठून घेतला तेही लिहिलं.

एक गोष्ट कुणी आपणहून सांगत नाही. तुम्हाला गरजेवर आधारित मदत मिळत असेल तर विद्यार्थ्याने उन्हाळ्यात काही रक्कम कमावावी असं बरीच कॉलेजं धरून चालतात. बिनपगारी काम केलं की ती रक्कम येणार कुठून? काही ठिकाणी अशा उन्हाळ्यापुरती ती अट माफ होते. आर्थिक मदतीच्या ऑफिसात जाऊन थेट विचारा. मी विचारलं आणि माझी माफ झाली.

अमेरिकन नागरिक असाल तर परराष्ट्र खात्याची इंटर्नशिपही बघा. तिथे २०२२ मध्ये मानधन सुरू झालं होतं, सध्या मिळतं का ते आधी तपासा.

मिडवेस्टमधली प्राध्यापिका, अनुदान समितीवर काम केलेली

समितीच्या बाजूने लिहिते, कारण हुशार मुलांचे अर्ज बाजूला ठेवावे लागतात तेव्हा मनापासून वाईट वाटतं.

बहुतेक अर्ज पडतात ते प्रश्न अवाढव्य असल्यामुळे. 'भारत-चीन संबंधांचा अभ्यास' हे आठ आठवड्यांच्या उन्हाळ्यात कुणालाच जमणार नाही. तेच 'डिसेंबर १९८८ मध्ये राजीव गांधी चीनला गेले, त्या भेटीबद्दल मराठी दैनिकांनी काय लिहिलं' असं मांडलं, की समितीला लगेच तीन गोष्टी दिसतात: प्रश्न आटोक्यातला आहे, साधनं कुठे आहेत हे मुलाला ठाऊक आहे, आणि ती वाचायला लागणारी भाषा त्याच्याकडे आहे. घरी मराठी बोलणारी आपली मुलं अर्जात ती गोष्ट लिहीतच नाहीत! त्यांना ती पात्रता वाटत नाही. आमच्या दृष्टीने ती फार मोठी पात्रता आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातली इंग्रजी कागदपत्रं कुणीही वाचेल. जुने मराठी अंक वाचणारा विद्यार्थी माझ्या विद्यापीठात क्वचितच सापडतो.

दुसरं, मुलाखती घेणार असाल तर विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मंजुरी लागते आणि ती यायला वेळ लागतो. आमच्याकडे ती हातात येईपर्यंत अनुदानाचा पैसा सुटत नाही. मे महिन्यात निघायचं असेल तर फेब्रुवारीत तो अर्ज गेलेला हवा. वर्तमानपत्रं, जुनी कागदपत्रं, संसदेतली भाषणं यांवरच काम असेल तर बहुधा या मंजुरीची गरज पडत नाही. पहिल्यांदा करणाऱ्यांना मी तेच सुचवते.

शिफारसपत्र मागताना प्राध्यापकांना प्रस्तावाचा मसुदाही द्या. नुसतं 'सर, पत्र द्या' म्हटलं की पत्रही तसंच येतं.

नाशिकहून शिकायला आलेला, एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर

गिलमन शिष्यवृत्ती (५,००० डॉलरपर्यंत, पेल ग्रँट म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना मिळणारी सरकारी मदत घेणाऱ्यांसाठी) आणि बोरेन (२५,००० डॉलरपर्यंत, नंतर किमान एक वर्ष अमेरिकेच्या केंद्र सरकारची नोकरी करावी लागते) या दोन्ही अमेरिकन नागरिकांसाठी आहेत. पहिल्या वर्षी मी तेवढंच वाचलं आणि आपल्याला काही नाही असं समजून गप्प बसलो. नंतर सीनियर मुलीने सांगितलं की विद्यापीठाच्या स्वतःच्या देणग्यांतून चालणाऱ्या निधींना पुष्कळदा नागरिकत्वाची अट नसते. प्रत्येक निधीचे नियम वेगळे वाचावे लागतात, इतकंच.

लक्षात ठेवा: अमेरिकेत राहून करायच्या कामासाठी राहण्याखाण्याची अशी रक्कम मिळाली तर तिच्यावर एफ-१ वाल्यांचा साधारण १४ टक्के कर आधीच कापला जातो. अंदाजपत्रक करताना तो धरा. अमेरिकेतच इंटर्नशिप करणार असाल तर सुरू करण्याआधी सीपीटीची (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याची) परवानगी घ्या. बिनपगारी असली तरी आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या ऑफिसला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका.

कॅलिफोर्निया, दोन मुलांचा बाबा

ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ते) असलेल्या मुलांच्या पालकांसाठी महत्त्वाचं. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार ओसीआय धारकाला भारतात संशोधन करायचं असेल तर विशेष परवानगी लागते. परदेशी दूतावासात इंटर्नशिप करायची असेल तरीही लागते. आजीआजोबांकडे जातच आहोत तर तिथे प्रकल्पही करू, असा आमचा बेत होता. परवानगीचं कळलं तेव्हा थोरल्याची तारीख पुढे ढकलावी लागली. अनुदान देणाऱ्या ऑफिसालाही हा नियम माहीत नव्हता, त्यामुळे त्यांच्यावर विसंबू नका. भारतीय वकिलातीत किंवा एफआरआरओकडे (भारतातलं परदेशी नागरिकांच्या नोंदणीचं कार्यालय) आधी चौकशी करा.

अमेरिकेतच जन्मलेली, मराठी पुण्यात जाऊन पक्की केलेली

मी 'फ्लास' या भाषा-शिष्यवृत्तीवर उन्हाळ्यात पुण्याला अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजच्या मराठी वर्गात होते. ही योजना अमेरिकेच्या १९५८ च्या कायद्यातून आली. तिथल्या केंद्र सरकारच्या पैशावर ती अवलंबून आहे, त्यामुळे यंदा आपल्या विद्यापीठात आहे का ते आधी विचारून घ्या. आजीशी बोलण्यापुरती मराठी होती, ती अग्रलेख वाचण्यापर्यंत पोचली. पुढे याच भाषेवर मला प्रबंधासाठी प्रवास अनुदान मिळालं. वर प्राध्यापिका मावशींनी लिहिलंय ते अगदी खरं आहे.

वाशीम

सगळे अमेरिकेतले अनुभव वाचून लिहू की नको असं झालं होतं, पण ताईंनी भारतातलेही मागितलेत.

आपल्याकडे पदवीच्या पातळीवर पैसा फार कमी. राज्य सरकारची परदेशी शिक्षणाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहे. त्याआधी काय? मला परराष्ट्र मंत्रालयाची इंटर्नशिप सापडली. दरमहा १०,००० रुपये मानधन आणि दिल्लीला जाण्यायेण्याचं विमानभाडं. आकांक्षित जिल्ह्यांतल्या (विकासात मागे म्हणून केंद्र सरकारने निवडलेल्या) उमेदवारांना तिथे प्राधान्य आहे. महाराष्ट्रातले असे चार जिल्हे: नंदुरबार, गडचिरोली, धाराशिव आणि आमचं वाशीम. आमच्या कॉलेजात हे कुणालाच माहीत नव्हतं.

दहा हजारांत दिल्लीत महिना निघत नाही. मी मुनिरक्याला तिघांबरोबर खोली घेतली आणि वरचे पैसे मामांनी दिले. तरी सांगतो, जा. करार, टिपणं, देशांची नावं आपण फक्त पुस्तकात वाचलेली असतात. तिथे तीच कामं रोज टेबलावर येतात.

पदवी पूर्ण झालेली नसेल तर शेवटच्या वर्षात इंटर्नशिप अभ्यासक्रमाचा आवश्यक भाग असावी लागते. नव्या शैक्षणिक धोरणामुळे आता पदवीत ओजेटी (प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण) आलं आहे, म्हणून विभागप्रमुखांकडून तसं पत्र अर्ज सुटण्याआधीच घेऊन ठेवा. माझं पत्र सही-शिक्क्यासाठी अडकलं होतं, शेवटच्या दिवशी मिळालं. त्या चार जिल्ह्यांतलं कुणी वाचत असेल आणि कागदपत्रांत अडलं असेल, तर इथेच विचारा. मी रोज संध्याकाळी बघतो.