पड, पडीक आणि माळ

बांधावरून:
गावातल्या सौर प्रकल्पाची नोटीस फळ्यावर लागलीय. तीत 'मौजे हद्दीतील पडीक गायरान' असं लिहिलंय. आमचे चुलते वाचून म्हणाले, "गायरान पडीक कसं असंल? चरायला ठेवलंय ते." मला काहीच खटकलं नव्हतं. पड आणि पडीक एकच ना?

सातबारा:
एक नाही. क्रियापद बघा. 'यंदा खालचं रान पड ठेवलंय', पण 'भावकीच्या भांडणात रान पडीक पडलं'. पड ठेवतात, पडीक आपोआप पडतं. पहिल्यात जमिनीला विसावा देण्याचा विचार आहे, दुसऱ्यात हयगय. सरकारी आकडेवारीतही फरक आहे: यंदाच पेरली नाही ती चालू पड, १ ते ५ वर्षं न पेरलेली इतर पड, त्यापुढे लागवडयोग्य पडीक. पोटखराबा निराळा, म्हणजे गटातला खडक, ओढा वगैरे. चराऊ जमिनीचा रकाना तर या सगळ्यांहून वेगळा. चुलते बरोबर आहेत.

नान्नजवाला:
पडीक हा नांगरवाल्याचा शब्द. मेंढपाळाला विचारा, तो 'माळ' म्हणतो. पावसानंतर त्यावर कुसळी, मारवेल माजतं, त्याचं वर्ष त्यावर निघतं. पक्ष्यांची नावंही तशीच, माळढोक, माळटिटवी. पडीकढोक कुणी म्हटलेलं ऐकलं नाही! पण देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशात खुरट्या झुडपांचे माळ आणि खराब झालेली कुरणंही धरलीत. पवनचक्क्या, सौर पट्ट्यांना जागा शोधणाऱ्याच्या हाताला आधी हाच शब्द लागतो. माळढोकाला उडताना समोरचं नीट दिसत नाही, तो वीजतारांवर आदळतो. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये राजस्थान-गुजरातेतल्या त्याच्या टापूत तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं होतं. २०२४ मध्ये तो आदेश सैल करून समिती नेमली.

रात्रपाळी:
सगळं खरं. पण रात्री दोनला थ्री फेज येते तेव्हा बॅटरी घेऊन उसाला पाणी द्यायला मी जातो, माळढोक येत नाही. दिवसा लाइट मिळावी म्हणूनच सौर कृषी वाहिनी योजना आहे. खाजगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं, दरसाल ३ टक्के वाढ. मेगावॉटला चारेक एकर लागतात. आमच्याकडे कोरडवाहूवाले खुशीनं देतात. 'रानात सोलर लावलंय' म्हणतात, ऊस लावल्यासारखं.

सातबारा:
'लावलंय' हे टिपून ठेवतो. यंत्राला सहसा 'बसवलं' म्हणतो आपण, मोटर बसवली, मीटर बसवलं. पिकाचं क्रियापद सोलरला मिळालं म्हणजे लोकांनी त्याला रानात घेतलं. (पवनचक्कीचंही बघा. पाटणजवळ वनकुसवड्याच्या पठारावर इतक्या उभ्या आहेत, एकही दळत नाही, तरी चक्कीच.) नोटिशीत नुसतं 'गायरान' लिहिलं असतं तर पुरलं असतं. 'पडीक' जोडलं की ते कुणाच्याच कामाचं नाही असं वाचणाऱ्याला आधीच पटतं.

बांधावरून:
चुलत्यांना हे सगळं वाचून दाखवलं. पडीकवर काही बोलले नाहीत. विचारलं, "त्या काचांखाली गवत येतं का?" येतं, आणि परदेशात तिथं मेंढ्या सोडतात, असं सांगितलं. म्हणाले, "मग तारेच्या कंपाउंडला फाटक कुठल्या अंगाला ठेवणार, ते ग्रामसभेत विचार."