'बास्टर्ड' हा शब्द शिवी कसा झाला?

शब्दवेल्हाळ:
२००८ च्या सिडनी कसोटीत ऑस्ट्रेलियाच्या ब्रॅड हॉगने कुंबळे आणि धोनी यांना उद्देशून हा शब्द वापरल्याची तक्रार भारतीय संघाने केली होती. पुढे पर्थच्या कसोटीपूर्वी ती मागे घेण्यात आली. ऑस्ट्रेलियात हा शब्द मित्रांमध्येही सहज चालतो, पण आपल्या कानाला तो थेट आईवर गेल्यासारखा वाटतो. एकाच शब्दाचे वजन इतके वेगळे कसे?

जुनी बखर:
मुळात हा शब्द शिवी नव्हता, लग्नाबाहेर जन्मलेल्या माणसाचा दर्जा सांगणारा होता. जुन्या फ्रेंचमधील 'खोगिराचा मुलगा' अशा अर्थाच्या शब्दप्रयोगातून तो आला असावा, असे बहुतेक कोशकार मानतात; वाटसरू खोगिरावरच अंथरूण करीत, असा त्यामागचा संकेत. १०६६ मध्ये इंग्लंड जिंकणारा विल्यम 'बास्टर्ड' म्हणूनच ओळखला जाई, आणि तरीही वडिलांची नॉर्मंडीची गादी त्याला लहानपणीच मिळाली होती. कायदा कठोर झाला तो नंतर. आईवडिलांनी पुढे लग्न केले तर आधी झालेले मूल औरस ठरावे, ही चर्चची भूमिका इंग्लंडच्या सरदारांनी तेराव्या शतकात मर्टन येथे साफ नाकारली. असे मूल कायद्याच्या लेखी 'कोणाचेच नाही' असे झाले, त्याला वारसा उरला नाही, आणि माझ्या मते शिवीची धार या वंचनेतूनच आली.

मैदानाबाहेरचा:
ऑस्ट्रेलियापुरते सांगतो. १९३२-३३ च्या इंग्लंड-ऑस्ट्रेलिया बॉडीलाइन कसोटी मालिकेतील एक किस्सा तिथे आजही सांगितला जातो. इंग्लंडचा कर्णधार डग्लस जार्डिन, ज्याचा जन्म आपल्या मुंबईचा, यजमानांच्या खोलीशी जाऊन एका खेळाडूने आपल्याला हा शब्द वापरल्याची तक्रार करू लागला, तेव्हा ऑस्ट्रेलियाचा उपकर्णधार व्हिक रिचर्डसनने आपल्या साऱ्या सहकाऱ्यांना आणि खुद्द जार्डिनलाही त्याच शब्दाने संबोधत 'हे कोण म्हणाले?' असे विचारले. किस्स्याचे तपशील प्रत्येकाच्या तोंडी बदलतात, पण शब्द किती सैल झाला होता हे त्यातून कळते.

ओवी:
वरील चर्चेत वारशाचा विचार झाला, पण ज्यांच्याकडे वारशाने मिळण्यासारखे काहीच नव्हते त्या गरीब बायकांचा झाला नाही, आणि मला तोच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. इंग्लंडमध्ये १५७६ च्या कायद्यापासून अशा मुलाचा खर्च गावावर पडू नये म्हणून न्यायाधीश आईबापांना शिक्षा करू शकत आणि पोटगीही ठरवून देत. १६१० च्या कायद्याने तर ज्या स्त्रीचे मूल गावाच्या खर्चावर पडेल तिला वर्षभर सुधारगृहात डांबण्याची तरतूद केली. १८३४ च्या नव्या गरीब कायद्याने पोषणाचा भार जवळजवळ पूर्णपणे आईवर टाकला, आणि तिला स्वतः बापाविरुद्ध न्यायालयात जाण्याचा मार्ग १८४४ मध्ये मिळाला. त्यामुळे गावात हा शब्द उच्चारला जाई तेव्हा मुलाइतकाच तो आईलाही लागे. आईवडिलांच्या नंतरच्या लग्नाने मूल औरस ठरण्याची सोय इंग्लंडमध्ये १९२६ मध्ये झाली, तीही मुलाच्या जन्माच्या वेळी दोघांपैकी कोणाचेही दुसऱ्याशी लग्न झालेले नसेल तरच. ही अट १९५९ मध्ये गेली.

शब्दवेल्हाळ:
म्हणजे मर्टनमध्ये सरदारांनी जे नाकारले, ते मान्य व्हायला जवळपास सातशे वर्षे लागली. सिडनीच्या त्या तक्रारीकडे मी आजवर केवळ खेळातील शिस्तीचा प्रश्न म्हणून पाहत होतो.