प्रतिसाद: ‘इन्कम्प्लीट’ कुणाला द्यावा?

वर कुणीतरी म्हटलंय की विद्यार्थी नापास होणार असं दिसलं तर ‘आय’ (I, म्हणजे ‘इन्कम्प्लीट’: उरलेलं काम नंतर पूर्ण करण्यासाठीची तात्पुरती श्रेणी) देऊन टाकावा, निदान त्याला एक संधी मिळेल. मला हे अजिबात पटत नाही. ही श्रेणी नापासातून सुटका म्हणून नाहीच. बहुतेक अमेरिकन विद्यापीठांत अट साधारण अशी असते: कोर्सचं बरंचसं काम झालेलं हवं, तोवरचे गुण पासाइतके हवेत, आणि उरलेलं काम आजारपण किंवा घरातला मृत्यू अशा हाताबाहेरच्या कारणाने अडलेलं हवं. ज्याला अर्धा कोर्स परत वर्गात बसून करावा लागणार, त्याच्यासाठी ‘विथड्रॉवल’ (कोर्समधून रीतसर नाव काढून घेणं) आहे.

माझ्या मते खरी मेख प्राध्यापक आणि विद्यार्थी यांच्यातल्या लेखी करारात आहे. नेमकं काय उरलंय, त्याला किती टक्के वजन, शेवटची तारीख कोणती, आणि काम आलंच नाही तर कोणती श्रेणी लागेल, हे सगळं त्यात लिहा. प्राध्यापक मध्येच नोकरी सोडून गेले तर (आणि जातातच!) त्या कागदावरून विभागाला गुण देता येतात. तोंडी आश्वासन तिथे कुणी विचारत नाही.

मुदत टळली की बऱ्याच ठिकाणी ‘आय’चा आपोआप ‘एफ’ (नापास) होतो. तोवर जीपीएला (श्रेणींच्या एकूण सरासरीला) धक्का नसतो, म्हणून मुलं निवांत राहतात. पण अमेरिकेत सरकारी आर्थिक मदतीच्या हिशेबात त्या कोर्सचे क्रेडिट ‘घेतलेले पण पूर्ण न केलेले’ असेच धरले जातात. ‘आय’साठी अर्ज करण्याआधी मदत कार्यालयात विचाराच.